बिथिनियाची फाईल: प्लिनी, ट्राजन आणि 'मार्गदर्शन व्हावे'

जुना टंकलेखक (धागाकर्ता)

नोकरीची बत्तीस वर्षं महसूल खात्यात गेली, त्यातली निम्मी आवक-जावक आणि टिपण्यांत. त्यामुळे इतिहास वाचायला घेतला तरी लढायांपेक्षा माझा डोळा पत्रव्यवहारावर जातो. सवय, दुसरं काय.

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा पसरला हा विषय निघाला की गाडी थेट कॉन्स्टंटाइनवर जाऊन थांबते, नाहीतर नीरो आणि रोमच्या आगीवर. मला या दोन बादशहांच्या मधला बादशहा ट्राजन जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या काळातली या प्रश्नावरची अख्खी फाईल आज वाचायला मिळते. एक पत्र आणि त्यावरचा शेरा.

पत्र लिहिणारा प्लिनी, म्हणजे धाकटा प्लिनी. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा धूर बघायला आणि माणसं सोडवायला गेलेला मामा गमावलेला तोच हा. इ.स. ११०च्या सुमारास ट्राजनने त्याला बिथिनिया-पोंटस प्रांतावर पाठवलं. आजच्या तुर्कस्तानचा काळ्या समुद्रालगतचा पट्टा. तो पोचला १७ सप्टेंबरला, बादशहाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आणि तसं त्याने कळवलंही. अधिकारी पक्का!

त्याला पाठवलं होतं ते मुख्यतः हिशेब तपासायला, कारण प्रांतात नुसता गोंधळ होता. तिथल्या निकोमीडिया शहराने पाण्याच्या कालव्यावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स (रोमन नाणी) घातले, तो अर्धवट सोडला, पाडलाही. मग दुसऱ्यावर २ लाख घातले, तोही सोडला. निकियात १ कोटीहून जास्त खर्चून नाट्यगृह बांधायला घेतलं, ते खचून त्याला भेगा पडलेल्या. आपल्यापैकी ज्यांनी कुठल्याही नगरपालिकेची बिलं पाहिली असतील त्यांना हे वाचताना घरच्यासारखं वाटेल.

याच ढिगाऱ्यात एक पत्र ख्रिश्चनांबद्दल आहे. प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या पुस्तकातलं ९६वं. सुरुवात अगदी आपल्या साच्यातली: ज्या बाबतीत मला शंका येते ती मी आपल्यापुढे ठेवतो. पुढे म्हणतो, ख्रिश्चनांच्या खटल्यांना मी कधी हजर नव्हतो, त्यामुळे शिक्षा कशाची द्यायची आणि कितपत, हे मला ठाऊक नाही. मग तीन प्रश्न. वयाचा विचार करायचा का? जो सोडून देतो त्याला माफी आहे का? आणि तिसरा, खरा कळीचा: नुसतं 'ख्रिश्चन' हे नावच गुन्हा, की त्या नावाला चिकटलेली दुष्कृत्यं?

गंमत अशी की मार्गदर्शन मागेपर्यंत त्याने शिक्षा देऊनही टाकल्या होत्या. तीनदा विचारायचं, शिक्षेची धमकी द्यायची, तरी हो म्हटलं तर देहदंड. त्याचं कारण तो सरळ देतो: ते काय मानतात ते असो, एवढा हट्ट आणि अडेलपणा शिक्षेलाच पात्र आहे. रोमन नागरिक असतील तर रोमला पाठवायची नोंद. आधी कारवाई, मग मार्गदर्शन. हेही मी पाहिलं आहे.

एकदा सुरुवात झाल्यावर तक्रारी वाढल्या आणि एक निनावी यादी आली, बरीच नावं असलेली. त्यातल्या लोकांना बोलावून त्याने कसोटी लावली. माझ्यामागून देवांची नावं घ्या, आपल्या (म्हणजे ट्राजनच्या) मूर्तीपुढे धूप आणि मद्य ठेवा, ख्रिस्ताला शिव्या द्या. ज्यांनी केलं ते सुटले. काहीजण म्हणाले, होतो एकेकाळी, पण सोडून तीन वर्षं झाली. एखादा म्हणाला वीस वर्षं झाली.

ट्राजनचं उत्तर जेमतेम काही ओळींचं. तू केलंस ते योग्यच. सगळीकडे लागू होईल असा एक नियम घालून देता येत नाही. त्यांना शोधत फिरू नये. पुढे आणले गेले आणि सिद्ध झालं तर शिक्षा करावी, पण जो नाकारेल आणि देवपूजा करून दाखवेल त्याला माफ करावं. निनावी कागदांना कुठल्याही खटल्यात थारा देऊ नये. तो फार वाईट पायंडा आहे आणि आपल्या काळाला शोभत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ख्रिस्ती धर्माला वाढायला जागा मिळाली ती या शेऱ्यात. बंदी उठवली नाही आणि मोहीमही काढली नाही. फाईल बंद न करता कपाटात ठेवून दिली. वयाच्या प्रश्नाला तर उत्तरच नाही! शेजाऱ्याशी भांडण झालं नाही तर माणूस जन्मभर ख्रिश्चन राहू शकत होता. आपल्याला काय वाटतं?

---

उनाडवारा

भारी! कालव्याचे आकडे वाचून हसू आलं. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

लॅटिनवेडी

धागा आवडला. दोन गोष्टी जोडते.

पत्राच्या शेवटी प्लिनी सांगतो की जवळजवळ ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजू लागली आहेत, बंद पडलेले विधी सुरू झालेत आणि बळीच्या जनावरांचं मांस पुन्हा विकलं जातंय, ज्याला आतापर्यंत गिऱ्हाईक क्वचितच मिळत होतं. पण त्या ठिकाणी मूळ पाठ बिघडलेला आहे. काही संपादक तिथे 'मांस' वाचतात, काही 'चारा', म्हणजे बळीच्या जनावरांसाठीचा चारा. मांस धरलं तर तक्रार खाटकाची ठरते, चारा धरला तर शेतकऱ्याची. कोणाच्या गल्ल्यावर परिणाम झाला होता हे एका शब्दावर अडलंय. आणि पडताळायला हस्तलिखित नाही. दहाव्या पुस्तकाचं एकमेव जुनं हस्तलिखित पॅरिसला सापडलं, १५००च्या सुमारास त्यावरून छपाई झाली आणि मग ते हस्तलिखितच गायब झालं.

दुसरं, ट्राजन निनावी कागदाला नाही म्हणतो तेव्हा त्याचे शब्द नेमके 'आपल्या शतकाचं नव्हे' असे आहेत. आपण मोठे पुढारलेले, ही खात्री प्रत्येक शतकाला असते बहुतेक.

---

शंकासुर

टंकलेखककाका, प्लिनीवर एवढा भरवसा कशाला? देवळं ओस पडली होती आणि मी आल्यावर गजबजली, असं कुठला अधिकारी लिहीत नाही? आधी संकट फुगवायचं, मग आपण ते आटोक्यात आणल्याचं दाखवायचं. खेडोपाडी ही लागण पोचली आहे, सर्व वयाचे, सर्व थरांतले, बायका-पुरुष सगळे आहेत, असंही म्हणतो. एकही आकडा देत नाही. पाण्याच्या कालव्याचा हिशेब शेवटच्या हजारापर्यंत देणारा माणूस इथे 'बरेच' म्हणून मोकळा होतो!

---

गणितमास्तर

आकडा मी देतो, म्हणजे अंदाज. समाजशास्त्रात एक प्रसिद्ध मांडणी आहे: इ.स. ४० साली १००० ख्रिश्चन धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा. १०० साली होतात साडेसात हजार. ११० साली साडेदहा हजार. ३५० साली ३ कोटी ३९ लाख, म्हणजे साम्राज्याची लोकसंख्या ६ कोटी धरली तर निम्म्याहून जास्त. ४० टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण वर्षाला तो दर जेमतेम ३.४ टक्के पडतो. मुदतठेवीला यापेक्षा जास्त मिळतं. चमत्कार नको, मोहीम नको, फक्त चक्रवाढ आणि तीनशे वर्षं धीर.

---

शंकासुर

मास्तर, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. अख्ख्या साम्राज्यात साडेदहा हजार, तर एकट्या बिथिनियात देवळं ओस पडतील एवढे कुठून येणार? एकतर तुमचं गणित चुकलंय, नाहीतर प्लिनी थापा मारतोय.

---

गणितमास्तर

किंवा ते सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते. सरासरी पाऊस काढून तुम्ही माणदेश आणि आंबोली एकच समजताय.

---

वसईवाली

मी रोज वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

मराठी बायबलात पोंटसला 'पंत' म्हणतात. लहानपणी पेत्राच्या पहिल्या पत्राची सुरुवात ऐकली की, 'पंत, गलतिया, कप्पदुकिया...', मला वाटायचं हे कोणीतरी धोतर नेसलेले पंत असणार. मोठी झाल्यावर नकाशात पाहिलं. त्याच यादीत बिथुनिया आहे. म्हणजे टंकलेखककाकांच्या फाईलमधले दोन्ही भाग त्या एका वाक्यात आहेत. शंकासुर, तिकडे लोक होते यावर आतलीही साक्ष आहे, फक्त प्लिनीची नाही.

आणि एक मजा बघा. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय की धर्मप्रसार करत फिरणारा पौल बिथुनियाला जायला निघाला होता, पण आत्म्याने जाऊ दिलं नाही. ही गोष्ट साधारण इ.स. ५०ची. म्हणजे पौल तिथे गेलाच नाही. तरी साठ वर्षांत गावागावांत पोचलं. मग नेलं कोणी? त्याच पुस्तकात अक्विला भेटतो, मूळचा पंतचा, धंदा तंबू करायचा, बरोबर बायको प्रिस्किल्ला. रोममधून हाकलल्यावर करिंथात येऊन दुकान टाकलेलं जोडपं. माझ्या मते धर्म यांच्यासारख्यांनी नेला. शिवणकामाला बसलं की तास-दोन तास गप्पा होतातच. मला विचारा, माझ्या आईने वसईत चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवली, तिच्याएवढ्या बातम्या पोस्टमनलाही ठाऊक नसत.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. काकांनी सगळी फाईल सांगितली आणि त्यातल्या दोन बायका गाळल्या.

---

जुना टंकलेखक (धागाकर्ता)

ताई, बरोबर पकडलंत. गाळल्या खऱ्या. सांगा तुम्हीच.

---

वसईवाली

सांगते. धर्म सोडून दिलेल्या त्या लोकांनी प्लिनीला सांगितलं होतं की आमचा अपराध म्हणाल तर एवढाच: ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमायचं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं, आणि शपथ घ्यायची. शपथ कशाची? चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी ठेवायला दिलेली ठेव मागितल्यावर नाही म्हणणार नाही. मग घरी जायचं आणि पुन्हा जेवायला जमायचं. जेवण साधं, निरुपद्रवी.

प्लिनीचा यावर विश्वास बसेना. म्हणून त्याने दोन दासींना छळ करून विचारलं. गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची हा त्यांचा कायदाच होता. आणि या दोघींसाठी तो जो शब्द वापरतो तो 'मिनिस्त्रे', सेविका. रोमकरांस पत्रात फिबीला 'मंडळीची सेविका' म्हटलंय, साधारण तेच पद. बाहेर कोणाच्यातरी घरी भांडी घासणाऱ्या, आणि पहाटेच्या त्या जमावात मानाच्या. नावं लिहिलेली नाहीत. छळ करून त्याला काय सापडलं? एक वेडगळ आणि अतिरेकी अंधश्रद्धा, एवढंच. म्हणजे दोघींनी वेगळं काहीच सांगितलं नाही. सगळं एका वाक्यात उरकलंय.

---

लॅटिनवेडी

+१. 'उजाडण्याआधी' याचाही विचार करा. दिवस उजाडला की गुलाम मालकाचा. त्यांना स्वतःची वेळ मिळायची ती तेवढीच.

---

नाशिकचा पाहुणा

थोडं अवांतर, पण संबंध आहे. सगळ्या प्रकरणात ट्राजनला धर्मापेक्षा संघटनेची धास्ती जास्त होती असं मला दिसतं. ख्रिश्चनांच्या आधीचं निकोमीडियाच्या आगीचं पत्र बघा. मोठी आग लागली, बरीच घरं आणि दोन सार्वजनिक इमारती गेल्या, लोक हात बांधून बघत उभे. गावात ना पंप, ना बादली. प्लिनी म्हणतो दीडशे कारागिरांचं अग्निशमन मंडळ काढू का? मी लक्ष ठेवीन, भलता माणूस घेणार नाही. ट्राजन म्हणतो नको. कुठल्याही नावाने आणि कुठल्याही कारणाने माणसं एकत्र आणली की थोड्याच दिवसांत त्यांचं राजकीय टोळकं होतं. सामान आणून ठेव, घरमालकांना आग विझवू दे. गाव जळालं तरी चालेल, मंडळ नको!

आता आपल्याकडे. साधारण त्याच काळाच्या आसपास (नहपानाच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत, ते सोडा) नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली: एका श्रेणीकडे २००० दरमहा शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १००० शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघटनेला बँक समजून पैसे ठेवतो, आणि इकडे बादशहाला बादली घेऊन धावणाऱ्या दीडशे लोकांची धास्ती. लेणं बघायला जाल तेव्हा दिव्याशिवाय जाऊ नका, अक्षरं दिसत नाहीत.

---

गणितमास्तर

२००० वर दरमहा १ टक्का म्हणजे वर्षाला २४०. भागिले २० भिक्षू, बरोबर १२. उषवदाताचा कारकून हुशार होता.

---

नाशिकचा पाहुणा

वा मास्तर! हे मी इतक्या वेळा वाचूनही कधी करून बघितलं नव्हतं.

---

ठोकताळे

म्हणजे तेव्हापासूनच हे असं चालू आहे तर. आजही परदेशी पैसा आला की

*(प्रतिसादाचा पुढील भाग संपादित. धागा दुसऱ्या शतकाबद्दल आहे, तिथेच राहू द्या. — संपादक)*

---

जुना टंकलेखक (धागाकर्ता)

धन्यवाद संपादक.

नाशिककरांचा मुद्दा पटला आणि त्यामुळे माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. प्लिनीने ट्राजनच्या सांगण्यावरून मंडळांवर बंदीचा हुकूम काढला होता आणि त्या हुकमानंतर ख्रिश्चनांनी एकत्र जेवणं थांबवलं, असं पत्रातच आहे. पहाटेचं स्तोत्र थांबवलं असं स्पष्ट म्हटलेलं नाही. मला वाटतं जेवणावळ गेली तरी चालेल, पहाट सोडायची नाही, असा हिशेब असावा. हा माझा तर्क, पुरावा नाही.

अजून एक. अमिसस नावाच्या शहराने वर्गणीच्या साहाय्य-मंडळांची परवानगी मागितली होती. त्यांचे रोमशी जुने करार होते म्हणून ट्राजन म्हणाला चालू दे, पण दंगली आणि बेकायदा जमावासाठी नव्हे, गरिबांच्या मदतीसाठी. हा पत्रव्यवहार ९२-९३ क्रमांकाचा आणि ख्रिश्चनांचा ९६चा. टेबलावर एकाखाली एक पडलेले कागद. बादशहाच्या डोक्यात हा एकच विषय होता याला मी आणखी काय पुरावा देऊ.

शंकासुर, तुमच्या फुगवण्याच्या आरोपावर: ट्राजनच्या शेऱ्यातली विसंगती तेव्हाच्या लोकांनाही दिसली होती. इ.स. १९७च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन या उत्तराची मनसोक्त टिंगल करतो. निरपराध म्हणून शोधू नका म्हणतो, आणि अपराधी म्हणून शिक्षा करा म्हणतो! वकिली डोकं. म्हणजे पत्रव्यवहार तेव्हाही लोकांच्या वाचनात होता.

---

शंकासुर

पत्र खोटं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. फुगवलेलं आहे म्हटलं. पण थोडी माघार घेतो, कारण काल दुसरं काही शोधताना लुकियन हा ग्रीक व्यंगलेखक सापडला. त्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच काळ्या समुद्राच्या काठावर एक अलेक्झांडर नावाचा भोंदू सापाला देव करून बसला होता, त्याची लुकियनने पुरती खेचली आहे. हा भोंदू काय म्हणायचा, तर पोंटस नास्तिकांनी आणि ख्रिश्चनांनी भरलाय, त्यांना दगड मारा. त्याच्या उत्सवात सुरुवातीलाच 'ख्रिश्चन बाहेर!' अशी आरोळी द्यायचे. म्हणजे धंद्यात आडवे येण्याइतपत तरी ते होते. आकडा मात्र अजूनही कोणी दिलेला नाही.

---

उनाडवारा

एक बाळबोध प्रश्न. शोधायचं नाही हे धोरण किती दिवस टिकलं?

---

लॅटिनवेडी

साधारण १४० वर्षं, मधल्या स्थानिक दंगली आणि खटले वगळून. ट्राजननंतरच्या हेड्रियनने थोडीफार हीच ओळ चालवली. २४९ मध्ये गादीवर आलेल्या डेसियसने मात्र उलटं केलं: साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर सापडले आहेत. मी बळी दिला, मद्य ओतलं, प्रसाद चाखला, खाली सही. टंकलेखककाकांना आवडतील.

आणि याच बिथिनियाचं पुढे काय झालं बघा. निकोमीडिया बादशहा डायोक्लिशनची राजधानी झाली. २३ फेब्रुवारी ३०३ला त्याने तिथलं चर्च पाडायला लावलं. ते इतकं उघड्यावर होतं की राजवाड्यातून दिसायचं. प्लिनीच्या वेळी पहाटे लपून जमणारे लोक, दोनशे वर्षांत राजवाड्यासमोर इमारत! आणि त्यानंतर बावीस वर्षांनी, ३२५ मध्ये, बिशपांची मोठी परिषद भरली ती निकियात. खचलेल्या नाट्यगृहाचं गाव.

---

वसईवाली

निकियाचा मतांगीकार (श्रद्धेची कबुली) आम्ही दर रविवारी म्हणतो. नाट्यगृहाचं ठाऊक नव्हतं. आता दर रविवारी भेगा आठवणार.

---

उनाडवारा

शेवटचा प्रश्न, मग पळतो. प्लिनीचं पुढे काय झालं? ट्राजनचं उत्तर आल्यावर त्याने काय केलं?

---

जुना टंकलेखक (धागाकर्ता)

ख्रिश्चनांबद्दल पुढे एकही पत्र नाही. लगेच पुढचं पत्र अमास्ट्रिस शहरातल्या उघड्या गटाराचं आहे. शहर देखणं, मध्यभागी नदी म्हणावी असं घाणेरडं गटार, त्याला झाकण घालायची परवानगी मागितली आहे. ट्राजनने ती दिली.

फाईल संपते ती १२०-१२१ या पत्रांवर. प्लिनीची बायको कल्पुर्निया तिथे त्याच्याबरोबर होती. तिचे आजोबा वारल्याची बातमी आली आणि तिला आत्याकडे लवकर पोचायचं होतं. सरकारी टपालगाडीचे परवाने फक्त सरकारी कामासाठी असत. प्लिनीने बादशहाला न विचारता तिला परवाना दिला आणि मग कळवलं की विचारत बसलो असतो तर उशीर झाला असता. ट्राजनने लिहिलं, बरोबर केलंस. त्यानंतर एकही पत्र नाही. बहुधा तो तिथेच, कामावर असताना वारला.